दाराचं कणीस

अवकाशात जाऊन आलेल्या भाताच्या नातवंडांची खीर मी खाल्ली आहे. हसू नका. चांगली वाटीभर खाल्ली आणि वर वेलची कमी पडली म्हणून बोलूनही दाखवलं. खिरीत काय गेलंय ते मला ठाऊक नव्हतं, आणि त्याचं मोल जिने खीर केली तिलाही ठाऊक नव्हतं. जिला ते मोल ठाऊक होतं ती तेव्हा रिक्षात बसून घराकडे येत होती.

ती म्हणजे माझी पुतणी. खीर करणारी माझी मोठी जाऊ, तिची आई. मी मूळची घाटावरची, लग्न होऊन इकडे आले. बरीच वर्षं सातिवलीच्या एका डब्यांच्या कारखान्यात हिशेब सांभाळले, आता निवृत्त होऊन बोळिंजच्या फ्लॅटमध्ये असते. सासरचं घर आणि शेत मात्र वसईच्या खाडीकडे. थोरले दीर काही वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून तिथे जाऊ एकटी राहते. बिल्डरची माणसं ओट्यावर येऊन बसायची, ती त्यांना चहा द्यायची, जमिनीचा विषय निघाला की कप उचलून आत जायची. मी असते तर भांडले असते. मला राग पटकन येतो आणि तोंड त्याच्याही आधी उघडतं. तिचं तसं नाही.

पुतणी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत आहे, तिथल्याच वसतिगृहात राहते. तिने पहिल्यांदा विषय सांगितला तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. अवकाशातल्या किरणांमुळे बियाण्यांचं काय होतं, हा म्हणे अभ्यासाचा विषय! मी म्हटलं, "अगं, जमिनीवरच्या बियाण्यांचं काय होतं ते तरी आपल्याला कुठे धड कळलंय? उंदीर खातात, एवढं मला माहीत आहे." ती हसली. तिचा एक गुण मला पहिल्यापासून आवडतो, तिला हिणवलं तरी ती रुसत नाही, उलट खाली बसून समजावून सांगायला लागते.

आणि खरंच तिने समजावलं. श्रावणातला सोमवार होता. रात्रीच्या जेवणात वालाचं बिरडं करायचं म्हणून मोड आलेले वाल परातीत घेऊन आम्ही तिघी ओट्यावर सोलत बसलो होतो. अंगठा आणि बोट यांच्यात धरून दाबलं की साल एकीकडे आणि दाणा एकीकडे. पुतणी सोलता सोलता बोलत होती.

ती म्हणाली, दूर कुठेतरी तारे फुटतात, इकडे आपला सूर्य खवळतो, तेव्हा फार बारीक कण भयंकर वेगाने सगळीकडे सुटतात. पृथ्वीवर हवेचं जाड पांघरूण आहे, शिवाय पृथ्वीच्या चुंबकत्वाची राखण आहे, म्हणून आपल्याला त्यांचा फार जाच होत नाही. वर जावं तसं पांघरूण संपतं. अवकाशस्थानक पृथ्वीच्या जवळच फिरतं, त्यामुळे तिथे ती राखण बऱ्यापैकी असते. पण कोणी मंगळाकडे निघालं तर तीही मागे राहते. मग रात्रंदिवस ते कण अंगातून आरपार जात असतात.

"लागत नाहीत?" मी विचारलं.

"कळतसुद्धा नाहीत. फक्त कधीकधी अवकाशवीरांनी डोळे मिटले तरी आत प्रकाशाची एक रेघ चमकते. कण डोळ्यातून गेलेला असतो."

माझ्या हातातला वाल तसाच राहिला. डोळे मिटून झोपायला जावं आणि कुठल्या तरी मेलेल्या ताऱ्याचा कण आपल्या डोळ्यात चमकून जावा! मला ते भीतिदायक वाटलं आणि तेवढंच देखणंही वाटलं. जाऊने मात्र मुद्द्याचं विचारलं.

"मंग त्या दान्याला काय व्हतं?"

"प्रत्येक पेशीच्या आत एक लांब धागा असतो, आई. झाड कसं व्हायचं, पान केवढं, कणीस कधी, ते सगळं त्या धाग्यावर असतं. कण त्यातून गेला की धागा तुटतो. माणसाच्या बाबतीत तसं झालं की पुढे आजार होऊ शकतो. म्हणून तर माणसं लांब पाठवायची सगळ्यांना धास्ती आहे."

"आनि धागा तुटला तरी तो उगवतो?"

पुतणीने परातीतला एक वाल उचलला. मोड नुकता बाहेर आलेला, पांढरा, वाकडा. ती म्हणाली, "आपल्याला वाटतं, पाणी लागलं की दाणा लगेच वाढायला लागतो. तसं नसतं. कोरडा असताना तो झोपलेला असतो, तेव्हा तुटलेलं काही जोडता येत नाही त्याला. पाणी मिळालं की जाग येते. पण जाग आल्यावर तो पहिल्यांदा वाढत नाही. पहिल्यांदा तुटलेलं शोधतो आणि जोडतो. आधी दुरुस्ती, मग मोड."

"घरच्या वालातसुद्धा?" मी विचारलं.

"ह्यातसुद्धा. डब्यात नुसता पडून राहिला तरी थोडं तुटतंच. हा प्रत्येक दाणा काल पातेल्यात दुरुस्ती करत बसला होता."

काय सांगू तुम्हाला! उभा जन्म मी वाल भिजत घालत आले. नासले की बाजारवाल्याच्या नावाने शंख केला, मोड छान आले की स्वतःची पाठ थोपटली. आत एवढा उद्योग चाललेला असतो याची गंधवार्ता नाही. त्या रात्री बिरडं खाताना मला दर घासाला त्या दाण्यांचं कौतुक वाटत होतं. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, मग खाल्लंस कशाला? काही माणसांना काही सांगण्यात अर्थ नसतो.

दुरुस्ती कधीकधी चुकते, हेही तिने सांगितलं होतं. धागा भलतीकडे जोडला जातो आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. बहुतेक चुका झाडाला नडतात. पुष्कळशा चुकांनी काहीच होत नाही. अगदी क्वचित एखादी चूक उपयोगाची निघते. मंगळावर जायचं झालं तर माणसांना बियाणं बरोबर न्यावं लागेल, तिकडे पेरून खावं लागेल. तोवर त्या बियाण्यात किती जीव उरेल आणि त्याची पोरंबाळं कशी निघतील, हे आधी कळायला हवं. एवढ्यासाठी तिची ती संस्था आणि तिचे ते दिवसरात्र.

अवकाशस्थानकावर काही महिने ठेवून परत आणलेलं भात संस्थेच्या काचघरात लावून झालं होतं. त्याचे दाणे निघाले होते. त्यातले थोडे तिने सरांची परवानगी काढून आमच्या खाडीकडच्या शेतात आणले. आमची ती जमीन खारी, खाजणातली, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली. साधं गोड्या पाण्याचं भात तिथे कसं वागतं ते तिला बघायचं होतं. पण मला वाटतं, बापाच्या शेतात आपल्या हाताने काहीतरी लावावं हेही असणार.

आवण, म्हणजे भाताची रोपं, तिने आषाढातच स्वतः लावली होती. शेजारी शेजारी दोन वाफे, वर पांढरी जाळी. एका वाफ्यात अवकाशात गेलेल्या दाण्यांची लेकरं. दुसऱ्यात, त्याच पोत्यातले जे दाणे जमिनीवरच राहिले होते, त्यांची लेकरं. दोन्ही एकत्र वाढवायची म्हणजे फरक कळतो. जाऊने त्यांची बारशी लगेच उरकली. एक वाफा प्रवाशांचा, दुसरा घरकोंबड्यांचा. पुतणी फोनवर विचारायची, "आई, प्रवासी कसे आहेत?" आणि ही सांगायची, "बरे हायत. घरकोंबडे जरा जास्तच माजलेत."

भाद्रपदात मोठं उधाण आलं आणि शेताचा बांध एका जागी फुटला. खाडीचं पाणी आत. जाऊ आणि शेजारच्या दोघीतिघींनी चिखल लोटून बांध बुजवला, पण व्हायचं ते झालं होतं. आठवड्याभरात पानांची टोकं जळाली, प्रवासी पिवळे, घरकोंबडेही पिवळे. पुतणी रविवारी आली, गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहून बघत राहिली. मी बांधावर उभी राहून बिल्डरपासून समुद्रापर्यंत सगळ्यांना शिव्या घालत होते. ती एकदम म्हणाली, "काकू, थांब जरा."

प्रवाशांच्या वाफ्यात एक रोप हिरवं होतं. इतरांपेक्षा बुटकं. फुटवे बेताचेच. पण हिरवं, आणि पोटरीत आलेलं, म्हणजे पोटात कणीस धरलेलं. बाकीच्यांच्या कणसांचा अजून पत्ता नव्हता.

मला वाटलं आता ही पोरगी नाचेल. मी असते तर अख्ख्या बोळिंजला पेढे वाटले असते. ती नाचली नाही. खाली वाकून तिने बराच वेळ ते बघितलं, आणि म्हणाली, "पुष्कळ कारणं असू शकतात. इथे खारं पाणी कमी साचलं असेल. नुसतं नशीबही असेल. ह्याचे दाणे पुन्हा लावायचे. त्याची पोरंही अशीच निघाली, तरच हे त्याच्या अंगातलं म्हणायचं."

"आणि नाही निघाली तर?"

"तर नाही."

एवढंच. मी तिच्याकडे बघत राहिले. मनात एवढी आशा असताना तिला असं धरून ठेवायचं, हे सोपं नाही हो. मला जन्मात जमलेलं नाही. पण डोळे तिचे चमकत होते, ते काही तिला लपवता आलं नाही. वर्षानुवर्षांच्या कामातून हाताला लागलेलं हे एक रोप होतं, आणि ते नुसतं रोप कामाचं नव्हतं, त्याचे दाणे हवे होते. दाणे गेले तर पुन्हा लावून बघायला काहीच उरणार नव्हतं.

घरी आल्यावर तिने आईला समोर बसवून सांगितलं, "आई, ते रोप पिकेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. तूसुद्धा नाही."

"नाय लावनार," जाऊ म्हणाली.

आणि तिने शब्द पाळला. डोळ्यांत तेल घालून राखलं. चिंबोऱ्या मुळं खातात म्हणून भोवती राख टाकली, उंदरांसाठी पत्रा उभा केला, पाखरांसाठी जुना डबा वाजवत बसली. मी एकदा सहज जाळी उचलायला गेले तर माझ्या हातावर फटका मारला. "पिकेपर्यंत नाय म्हनालीय ती," म्हणाली.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. शेतात जे कणीस सगळ्यांत आधी पिकतं ते दाराचं. दसऱ्याला ते आंब्याच्या पानांत आणि झेंडूत गुंफून तोरण करायचं, त्यातले थोडे दाणे सोलून देवाच्या खिरीत घालायचे. तोरण वर्षभर तसंच राहतं, पुढच्या दसऱ्याला उतरायचं. हे काम दिरांचं. ते आठवडाभर आधीपासून बांधावरून फिरायचे, कुठलं आधी पिकतंय ते बघत. दसऱ्याच्या सकाळी अंघोळ करून ओल्या अंगाने शेतावर जायचे आणि कणसं जाऊच्या ओंजळीत आणून टाकायचे. ते गेल्यावर हे बंद पडलं. जाऊ विरारच्या बाजारातून तयार तोरण आणायची. भात पिकवणाऱ्या घराला विकतचं तोरण! ते बांधताना तिची मान खालीच असायची.

त्या दसऱ्याला मी सकाळीच झेंडूची पिशवी घेऊन पोचले. नवरा सोसायटीच्या पूजेला थांबला होता. दारात बघते तर तोरण आधीच लागलेलं. भरगच्च, मधेमधे सोनेरी कणसं. जाऊ नवी साडी नेसून ओट्यावर उभी होती आणि तिचा चेहरा! एवढ्या वर्षांत तो चेहरा मी बघितला नव्हता.

"विकतचं नाय," ती म्हणाली. "शेतातलं हाय. पोरीनं लावलेलं. बापावानी तिचं पयलं कनीस दारावर आलं." आणि पदराने डोळे पुसले.

मी काय समजणार? मला वाटलं दुसरं कुठलं तरी भात असेल. मी बसले, खीर खाल्ली, वेलचीचं बोलले.

पुतणी आली ती चपला काढायच्याही आधी शेतावर गेली. परत आली तेव्हा ओट्याच्या पायरीशी थांबली, आणि तिने वर तोरणाकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा मला कळलं मी कसली खीर खाल्ली ते.

"आई, ते रोप..."

"पिकलं ना," जाऊ कौतुकाने म्हणाली. "तू म्हनालीस पिकेपर्यंत हात लावायचा नाय. मी नाय लावला. आज सकाळी बघितलं, पिवळं झालं व्हतं. तुझे बाबा असते तर त्यांनीच..."

"आई, ते जगात एकच होतं!"

ती ओरडली. ही न रुसणारी पोरगी आईवर असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. रस्त्यावरच्या एका स्कूटरवाल्याने वळून बघितलं. मग ती भराभरा बोलत सुटली. दाण्यांसाठीच सगळं होतं, पेरायला हवे होते, पुरते पिकलेही नव्हते, आता त्यात जीव धरेल की नाही सांगता येत नाही, आणि तू ते तोडलंस, खिरीत घातलंस, दारावर टांगलंस. मी मधे पडायला तोंड उघडलं आणि, आयुष्यात पहिल्यांदाच म्हणा, बंद केलं. कुणाची बाजू घेणार? दोघींचंही बरोबर होतं.

पिकलं की पहिलं कणीस दारावर, या घरात पिकण्याचा अर्थ तोच होता. जाऊच्या चेहऱ्यावरचा तो सकाळचा आनंद हळूहळू विझत गेला, आणि ते मला बघवेना.

पुतणीने आतून स्टूल आणलं. दारात ठेवलं आणि वर चढली. दसऱ्याच्या दिवशी लागलेलं तोरण उतरवायचं! या घरात ते वर्ष व्हायच्या आधी एकदाच उतरवलं गेलं होतं, दिरांना बाहेर नेलं तेव्हा. जाऊला ते आठवलं नसेल असं होणं शक्य नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती पुढे झाली, खाली बसली आणि दोन्ही हातांनी तिने स्टूल घट्ट धरलं. त्याचा एक पाय आखूड आहे, ते डुगडुगतं.

पुतणी वर उभी राहिली. एक कणीस तिने बोटांत घेतलं, दाणा नखाने दाबून बघितला. मग खाली वाकलेल्या आईच्या डोक्याकडे बघितलं. तशीच उभी राहून तिने तिच्या सरांना फोन लावला. हळू आवाजात काहीबाही बोलणं झालं. मग म्हणाली, "काकू, माझ्या बॅगेत पातळ कापडाच्या पिशव्या आहेत, दे."

तिने एकेका कणसावर पिशवी चढवून दोरा बांधला. तोरण जागचं हललं नाही. खाली उतरून म्हणाली, "कच्चे आहेत अजून. देठावरच सावलीत हळूहळू वाळले तर बरं. इथे वाळूदेत. पाखरांचं तेवढं बघ."

मला त्यातलं विज्ञान कळत नाही. देठावर वाळलेलं बरं असेलही. पण देठ घरात खुंटीला टांगूनही वाळला असता. त्या पोरीने तोरण ठेवलं ते नुसत्या विज्ञानापायी ठेवलं असं मला तरी वाटत नाही, आणि त्या दिवसापासून माझ्या मनात तिची जागा वेगळीच झाली.

पुढे आठवडा दोन आठवडे घरी येणारा प्रत्येक माणूस दारात थबकायचा. तोरणाला पिशव्या कसल्या? सुरुवातीला जाऊ काही बोलायची नाही. मग मीच सांगायला लागले, जरा तिखटमीठ लावून. एका शेजारणीने घाबरून विचारलं, त्या किरणांचं काही आपल्याला लागणार तर नाही? खीर खाल्लेली मी तिथेच बसले होते. माझा हात आपोआप पोटावर गेला. त्यावर जाऊ पहिल्यांदा बोलली. "ते कन आरपार निघून जातात," म्हणाली. "मागं कायबी ऱ्हात नाय. आनि हे तर त्याचे नातू. ह्यांनी आकाश बघितलेलं पन नाय." मी थक्क झाले. श्रावणात वाल सोलताना बाईने सगळं कानात साठवून ठेवलं होतं.

पण वाफ्याशी ती फिरकेना. फिरकली तरी हात पाठीमागे बांधून उभी राहायची. मला तिचे ते मागे बांधलेले हात बघून रडू यायचं.

दाणे उतरवले तेव्हा बरेच पोकळ निघाले. भरलेले होते ते चिमूटभर. ताज्या भाताला म्हणे काही काळ झोप लागते, लगेच रुजत घालून उपयोग नसतो. म्हणून पुतणी संक्रांत होईपर्यंत थांबली. मग अर्धे दाणे तिने संस्थेत ठेवले आणि अर्धे काचेच्या बशीत ओल्या कागदावर घालून, ती बशी जेवणाच्या डब्यात ठेवून, डबा मांडीवर धरून घरी आली. "तिथे एकटीने बघवेना," म्हणाली.

डबा ओटीवर ठेवला. आम्ही तिघी येता जाता बघतोय. काही नाही. दुसऱ्या दिवशी नुसते फुगलेले. तिसऱ्या दिवशीही तसेच. पुतणी आपल्या मनाला समजावत होती, कच्चे तोडलेले, आधीच मिठातून आलेले, किती अपेक्षा करायची. मला एवढा राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. मी म्हटलं, "मेले हे. जाऊ दे."

"मेले नाय," कोपऱ्यातून जाऊ म्हणाली. ती डब्यापासून लांब, भिंतीला टेकून बसली होती. "दुरुस्ती करत असतील. लय तुटलंय, येळ लागंल."

पुतणीने आईकडे बघितलं. दसऱ्यानंतर त्या दोघी बोलायच्या सगळं, जेवलीस का, गाडी मिळाली का. पण त्या विषयावर एक शब्द नाही. आता ही उठली आणि आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसली, खांद्याला खांदा लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोड दिसला. एक, मग दुपारपर्यंत आणखी. सगळे नाहीत उगवले. उगवले ते मोजकेच, पण उगवले. माझा जीव भांड्यात पडला. मी आनंदाने एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारीण धावत आली, कोण पडलं म्हणून.

संस्थेत ठेवलेल्या अर्ध्या दाण्यांच्या रोपांचं काचघरात वेगळं चाललं आहे. तिथे मिठाचं पाणी मोजून देतात, घरकोंबड्यांशी तुलना करतात. पुतणी अजून काहीच म्हणत नाही, आणि तिला म्हणायला लावायचा माझा प्रयत्न अजून फसतोच आहे. घरी रुजलेल्यांची रोपं काचघरात वाढली, त्यांनाही दाणे आले. त्यातले काही घेऊन यंदाच्या आषाढात ती पुन्हा खाजणात आली. मोजकीच रोपं, छोटा वाफा, पांढरी जाळी. मी बांधावर छत्री घेऊन उभी होते. जाऊ माझ्या शेजारी, हात मागे.

पुतणीने एकेक रोप लावलं, प्रत्येकाशी खुणेची पट्टी खोचली. शेवटी तिच्या हातात एक रोप उरलं. ते तिने वाफ्यात लावलं नाही. जाळीच्या बाहेर, बांधाच्या कडेला, जिथून दीर चालत यायचे तिथे तिने बोटाने जागा दाखवली.

"आई, हे तू लाव. हे दाराचं."

मी बोललेच, "अगं, एवढीशी तर रोपं, त्यातलं एक दाराला? वेडी की काय?"

तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. रोप पुढे धरून उभी होती. जाऊचे हात अजून मागेच होते.

"हात लावू?" तिने विचारलं.

"लाव. आणि पिकलं की मला विचारत बसू नकोस. काप."

जाऊने हात पुढे आणले, पदराला पुसले, आणि रोप घेतलं.